विश्लेषण : एकही गाणे न ऐकवता अल्बम विकायचा कसा? टेलर स्विफ्टच्या 'शोगर्ल'मागचे गणित

मुखपृष्ठ नाही, गाण्यांची यादी नाही, प्रकाशनाची तारीखही नाही. १२ ऑगस्टला अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टच्या संकेतस्थळावर तिचा नवा अल्बम विक्रीला आला, तेव्हा मुखपृष्ठाच्या जागी कुलपाचे एक चित्र तेवढे होते. नाव मात्र कळले होते, 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल'. माल १३ ऑक्टोबरपूर्वी पाठवला जाईल, पण ही प्रकाशनाची तारीख समजू नये, अशी सूचनाही सोबत होती. तरीही तबकडी (म्हणजे विनाइल रेकॉर्ड), सीडी आणि कॅसेट अशा तिन्ही रूपांत आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि चाहत्यांनी कुलपाच्या त्या चित्राकडे पाहत पैसे भरले.

पुढच्या दोन दिवसांत मुखपृष्ठ, तारीख आणि यादी जाहीर झाली. अल्बम ३ ऑक्टोबर २०२५ रोजी आला. सप्टेंबर संपत आला तरी त्यातले एकही गाणे प्रसिद्ध झालेले नव्हते. साधारण पद्धत अशी की आधी एखादे गाणे वाजते, लोकांच्या तोंडी बसते आणि मग अल्बम विकला जातो. इथे ते उलटे चालले होते. हे कसे जमले, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जो विक्रीचा आकडा जगभर झळकणार होता तो नेमका कशाचा, हे समजून घेण्यासारखे आहे.

घोषणा कुठे आणि कशी झाली?

११ ऑगस्टला टेलरच्या प्रसिद्धी चमूच्या 'टेलर नेशन' या खात्यावर बारा छायाचित्रे आली. प्रत्येकात ती नारिंगी कपड्यांत होती. त्याच सुमारास तिच्या संकेतस्थळावर उलटगणती सुरू झाली. ती संपली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार १२ ऑगस्टच्या रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे सकाळी ९.४२ वाजता. हा टेलरचा बारावा अल्बम आणि त्यात गाणी बारा.

घोषणेसाठी तिने ना दूरचित्रवाणीवरची मुलाखत निवडली ना एखादा पुरस्कार सोहळा. आधीचा अल्बम, 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट', तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमीच्या मंचावरून जाहीर केला होता. या वेळी ती 'न्यू हाइट्स' या पॉडकास्टवर आली. अमेरिकी फुटबॉलपटू ट्रॅव्हिस केल्सी आणि त्याचा निवृत्त फुटबॉलपटू भाऊ जेसन हे दोघे तो चालवतात. ट्रॅव्हिस हा टेलरचा जोडीदार. तिने पुदिन्याच्या रंगाची एक ब्रीफकेस उघडली आणि आतून झाकलेल्या मुखपृष्ठाची तबकडी बाहेर काढली. आधी एवढीच चित्रफीत प्रसारित झाली. सुमारे दोन तासांचा पूर्ण भाग १३ ऑगस्टच्या संध्याकाळी आला, तेव्हा यूट्यूबवर एकाच वेळी १३ लाखांच्या आसपास लोक तो पाहत होते.

ही निवड हुशारीची होती. एरवी ज्यांनी टेलरचे एकही गाणे मुद्दाम लावले नसते, असा फुटबॉलचा मोठा प्रेक्षकवर्ग आयता मिळाला. प्रश्न विचारणारे घरचेच, त्यामुळे अडचणीचा प्रश्न येण्याची धास्ती नाही. शिवाय दोन तासांच्या गप्पांचे शेकडो छोटे तुकडे पुढचे आठवडाभर रील्समधून फिरत राहिले आणि त्यासाठी जाहिरातीचा खर्च करावा लागला नाही. २६ ऑगस्टला दोघांनी साखरपुडा झाल्याचे इन्स्टाग्रामवर जाहीर केले. त्याला प्रसिद्धी मोहिमेचा भाग म्हणायला काहीही आधार नाही. पण महिनाभर बातम्यांत नाव राहण्यासाठी जे लागते ते सगळे तिच्याकडे होते, एवढे खरे.

चाहते नारिंगी रंग कधीपासून शोधत होते?

टेलरच्या प्रसिद्धीचे मर्म या खाणाखुणांत आहे. २००६ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा सीडीसोबतच्या पुस्तिकेत गाण्यांचे शब्द छापले होते. त्यात मधलीच काही अक्षरे मोठ्या लिपीत होती. ती जोडली की गुप्त संदेश तयार होई. शाळकरी मुलींना पुस्तिका पुन्हा पुन्हा चाळायला लावणारी ती साधी युक्ती होती. आज तिचेच अवाढव्य रूप दिसते.

डिसेंबर २०२४ मध्ये वँकुव्हरला 'इराज टूर' संपली, तेव्हा टेलर मंचावरून जाताना पडद्यावर नारिंगी रंगाचे दार दिसले होते. पुढचा अल्बम नारिंगी असणार, हा अंदाज तेव्हापासून चाहत्यांत फिरत होता आणि तो खरा निघाला. ३ ऑक्टोबर या तारखेतही त्यांनी दहा अधिक तीन बरोबर तेरा असा हिशेब काढला. तेरा हा टेलरचा आवडता आकडा आणि तिचा जन्मही १३ डिसेंबरचा.

हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटेल. पण त्यातला व्यवहार पाहा. एखादी कंपनी नवा साबण आणते, तेव्हा लोकांनी जाहिरात पाहावी म्हणून तिला पैसे मोजावे लागतात. इथे लाखो लोक स्वतःहून जाहिरात शोधतात, तिचा अर्थ लावतात, त्यावर चित्रफिती बनवतात आणि दुसऱ्यांना पाठवतात. अंदाज चुकला तरी नुकसान नाही, कारण त्या चुकीवरही चर्चा होते. प्रसिद्धी विभागाचे निम्मे काम ग्राहकच करतात आणि त्यांना ते काम वाटत नाही.

पॉडकास्टच्या आधी न्यूयॉर्क आणि नॅशव्हिल या शहरांत स्पॉटिफायचे नारिंगी फलक लागले. फलकावरचा कोड फोनवर स्कॅन केला की २२ गाण्यांची यादी उघडे. सगळी गाणी टेलरची जुनीच होती, पण सगळ्यांवर मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक या स्वीडिश संगीत निर्मात्यांचे नाव होते. नव्या अल्बमचे निर्माते हेच असणार, हा इशारा चाहत्यांनी लगेच ओळखला. 'रेड', '१९८९' आणि 'रेप्युटेशन' या अल्बममधली तिची गाजलेली नाचरी गाणी याच जोडीसोबतची. इराज टूर युरोपात असताना, २०२४ मध्ये, मधल्या सुट्यांत स्वीडनला जाऊन हा अल्बम रेकॉर्ड केल्याचे तिने पॉडकास्टवर सांगितले. अनेक वर्षांचा सहकारी जॅक अँटोनॉफ या वेळी नाही. प्रकाशनाआधी खऱ्या अर्थाने संगीताविषयी मिळालेली ठोस माहिती एवढीच, शिवाय शीर्षकगीतात सब्रिना कार्पेंटर गाणार होती.

आधी एखादे गाणे का नाही?

२०१९ च्या 'लव्हर'पर्यंत टेलरही रीतसर आधी गाणे आणत असे. त्या अल्बमचे पहिले गाणे एप्रिलमध्ये आले आणि अल्बम ऑगस्टमध्ये. २०२० मध्ये 'फोकलोर' अल्बम जेमतेम एक दिवस आधी जाहीर करून तिने थेट प्रकाशित केला. त्यानंतर 'मिडनाइट्स' आणि 'टॉर्चर्ड पोएट्स' हे दोन्ही अल्बम आगाऊ गाण्याशिवाय आले. त्याआधी २०१३ मध्ये बियॉन्सेने कोणतीही पूर्वसूचना न देता अख्खा अल्बम आणून या क्षेत्राला धक्का दिला होता. टेलरने त्यातले गाणे लपवण्याचे तंत्र तेवढे घेतले. तारीख मात्र ती खूप आधी सांगते.

यामागचे कारण स्ट्रीमिंगच्या मोजणीत आहे. गाणे आधी आले की त्याची उत्सुकता आधीच खर्च होते. सगळी गाणी एकाच क्षणी आली, तर प्रत्येक चाहता पहिल्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे ऐकतो. त्यामुळे २०२२ मध्ये 'मिडनाइट्स' आल्यावर अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत पहिले दहाही क्रमांक एकट्या टेलरचे होते. असे त्या यादीच्या इतिहासात आधी कधी झाले नव्हते. २०२४ मध्ये तिने पहिले चौदा क्रमांक घेतले. चौदावे गाणे त्या आठवड्यात अमेरिकेतले चौदाव्या क्रमांकाचे लोकप्रिय गाणे होते, की अल्बम लावला म्हणून आपोआप वाजलेले चौदावे गाणे, हे या यादीवरून कळत नाही.

दुसरा फायदा असा की गाणे ऐकलेच नसेल तर ते आवडले नाही असे म्हणता येत नाही. नोंदणी रद्द करण्याचे कारणच उरत नाही.

एक तबकडी म्हणजे किती वेळा ऐकणे?

'बिलबोर्ड २००' ही अमेरिकेतील अल्बमची अधिकृत मानली जाणारी यादी. डिसेंबर २०१४ पासून ती फक्त विक्रीवर ठरत नाही, स्ट्रीमिंगही मोजले जाते. पण दोन्ही एका मापात कसे आणायचे? त्यासाठी 'अल्बम समतुल्य युनिट' हे माप ठरवले गेले. एक अल्बम विकला गेला तर एक युनिट. २०२५ मध्ये पैसे भरून घेतलेल्या सेवेवर त्या अल्बमची गाणी १,२५० वेळा वाजली तर एक युनिट धरले जाई. जाहिराती ऐकून फुकट वापरायच्या सेवेवर ३,७५० वेळा वाजली तर एक युनिट धरले जाई.

त्या मापाने भागाकार करून पाहू. अल्बममध्ये गाणी १२. १,२५० ला १२ ने भागले की येतात १०४. म्हणजे एका चाहतीने दरमहा पैसे भरून पूर्ण अल्बम १०४ वेळा ऐकला, तर तिचे वजन एका तबकडीइतके. गाणे सरासरी साडेतीन मिनिटांचे धरले, तर हे जवळपास ७३ तास होतात. तीन दिवस आणि तीन रात्री, मधे झोप न घेता. फुकट सेवेवर ऐकणाऱ्या मुलीला तोच अल्बम ३१२ वेळा लावावा लागला असता.

उलट दुसरी चाहती चार रंगांच्या चार तबकड्या मागवते. तिने त्या एकदाही वाजवल्या नाहीत तरी चालते. तिचे वजन ४१६ वेळा ऐकणाऱ्यांइतके झाले. ही कल्पना वाटेल, पण ल्युमिनेट या संस्थेच्या पाहणीत अमेरिकेत तबकडी विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवायचे यंत्र असल्याचे दिसले होते. बिलबोर्डच्या याद्यांना आकडे पुरवणारी संस्था हीच. उरलेले लोक तबकडी भिंतीवर लावतात, शेल्फवर ठेवतात, फोटो काढतात. यात चूक काही नाही. माणसे आवडत्या गायिकेचे पोस्टर घेतातच. फक्त पोस्टर विकले तर यादीत मोजले जात नाही आणि तबकडी मोजली जाते.

यात आगाऊ नोंदणीचा तिसरा पदर आहे. नोंदणी १२ ऑगस्टला केली काय किंवा २ ऑक्टोबरला, माल प्रकाशनाच्या आठवड्यात रवाना झाला की ती विक्री त्याच आठवड्याच्या खात्यात जाते. १२ ऑगस्ट ते ३ ऑक्टोबर हे ५२ दिवस होतात. बावन्न दिवसांची विक्री सात दिवसांच्या खात्यात जमा होणार होती. नळाला थेंबथेंब पाणी येत असले तरी हौद भरून एकदम सोडला की पूर आल्यासारखा दिसतो, तसा हा प्रकार. नियमाचा यात भंग नाही, सगळेच मोठे कलाकार हे करतात. पण 'एका आठवड्यात इतके लाख' या मथळ्याचा अर्थ लावताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

गेल्या अल्बमचे आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. 'टॉर्चर्ड पोएट्स'ने एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत पहिल्या आठवड्यात २६ लाख १० हजार युनिट्स गाठली. त्यात प्रत्यक्ष विक्री होती १९ लाख १४ हजार. त्यापैकी ८ लाख ५९ हजार निव्वळ तबकड्या. स्ट्रीमिंग झाले तब्बल ८९ कोटी वेळा, तो त्या वेळचा विक्रम होता. तरीही स्ट्रीमिंगच्या खात्यात सात लाखांहून कमीच युनिट्स पडली. अख्खी दुनिया जे ऐकत होती त्याचा वाटा साधारण पाव आणि कपाटात जे गेले त्याचा पाऊण.

मोडायचा विक्रम कोणता?

नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या '२५' या अल्बमच्या अमेरिकेत एका आठवड्यात ३३ लाख ७८ हजार प्रती विकल्या गेल्या. गाण्यांची सुटी विक्री वगैरे धरून एकूण ३४ लाख ८२ हजार युनिट्स. त्याआधीचा विक्रम २००० सालचा, 'एन सिंक' या मुलांच्या चमूचा, २४ लाख १६ हजार प्रतींचा. अडेलने तेव्हा अल्बम स्ट्रीमिंग सेवांवर दिलाच नव्हता. ऐकायचे तर विकत घ्या, इतका सरळ मामला होता. 'शोगर्ल' येईपर्यंत जवळपास दहा वर्षे या आकड्याजवळ कोणी पोहोचले नव्हते.

आता महिन्याच्या वर्गणीत सगळे मिळते, विकत घेण्याचे कारण उरलेले नाही. अशा काळात तो विक्रम मोडायचा तर एकाच माणसाने एकापेक्षा जास्त वेळा विकत घ्यायला हवे होते. दुसरा मार्ग दिसत नव्हता.

मग एकाच अल्बमची इतकी रूपे कशासाठी?

उत्तर वर येऊन गेलेच. टेलरच्या संकेतस्थळावर पॉडकास्टनंतर 'शोगर्ल'ची नवनवी रूपे येत राहिली. 'द शायनी बग', 'द टायनी बबल्स इन शॅम्पेन' अशी त्यांची नावे. तबकडीचा रंग निराळा, मुखपृष्ठावरचा फोटो निराळा, आतली गाणी तीच बारा. अनेक रूपे ४८ तासांपुरती किंवा साठा संपेपर्यंतच मिळत आणि शेजारी घड्याळ उलटे चालत असे. 'टार्गेट' या अमेरिकी दुकानसाखळीसाठी वेगळी तबकडी होती, ती फक्त तिथेच. एका तबकडीची किंमत तेव्हा ३० डॉलरच्या आसपास, म्हणजे अडीच हजार रुपयांहून अधिक होती. सहा रूपे घ्यायची ठरवली तर १८० डॉलर, म्हणजे पंधरा-सोळा हजार रुपये, तेही पाठवणीचा खर्च न धरता.

ही कल्पना टेलरची नाही. कोरियन पॉपमध्ये अल्बमच्या पाकिटात चमूतील कोणाचे फोटोकार्ड निघेल हे आधी कळत नाही, त्यामुळे आवडत्या गायकाचे कार्ड मिळेपर्यंत पाकिटे घेतली जातात. टेलरने त्याला कथेची जोड दिली. 'मिडनाइट्स'च्या चार तबकड्यांची मागची बाजू एकत्र मांडली की भिंतीवरचे घड्याळ तयार होत होते. तीन घेऊन थांबणार कोण?

पूर्वी अमेरिकेत टी-शर्ट किंवा कार्यक्रमाच्या तिकिटासोबत अल्बम जोडून द्यायचे आणि तोही विक्रीत मोजून घ्यायचे. २०२० मध्ये बिलबोर्डने ही वाट बंद केली. रूपांची वाट मात्र उघडी आहे. प्रत्येक रूप हा रीतसर विकलेला अल्बमच असतो, त्यामुळे त्यावर बोट ठेवणे अवघड जाते.

गेल्या वेळी याचा चटका चाहत्यांना बसला होता. 'टॉर्चर्ड पोएट्स'च्या चार रूपांत प्रत्येकी एक वेगळे जादा गाणे होते. चारही गाणी हवीत म्हणून अनेकांनी चारही रूपे मागवली. अल्बम मध्यरात्री आला आणि दोन तासांनी टेलरने आणखी पंधरा गाण्यांची भर घालून एकूण ३१ गाण्यांची आवृत्ती स्ट्रीमिंगवर आणली. त्यात ती चारही जादा गाणी होती. या वेळी पॉडकास्टवर तिने स्पष्ट केले की गाणी बाराच आहेत, तेरावे येणार नाही. ती बारा गाणी किती वेष्टनांतून येतील, याबद्दल मात्र असे काही सांगितले नव्हते.

यावर आक्षेप कोणाचे?

सर्वांत ठळक आवाज गायिका बिली आयलिशचा. मार्च २०२४ मध्ये बिलबोर्डच्या मुलाखतीत तिने जगातले काही सर्वांत मोठे कलाकार एकेका अल्बमची ढीगभर रूपे काढून किती प्लास्टिक वाया घालवतात, यावर नाराजी बोलून दाखवली. तिने नाव कोणाचे घेतले नव्हते. तबकडी पीव्हीसीची असते, हे इथे सांगायला हवे. पुढे तिचा स्वतःचा अल्बम आला तेव्हा तोही अनेक रंगांत होता, मात्र पुनर्वापराच्या साहित्यावर भर दिल्याचे सांगण्यात आले.

दुसरा आक्षेप क्रमवारीचा. जून २०२४ मध्ये ब्रिटिश गायिका चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाच्या शर्यतीत असताना टेलरने नेमकी फक्त ब्रिटनसाठीची डिजिटल रूपे विक्रीला आणली. 'टॉर्चर्ड पोएट्स' पहिल्या क्रमांकावर राहिला, 'ब्रॅट' दुसऱ्या. हेतू काय होता ते तिलाच ठाऊक, पण वेळ बोलकी होती. ज्यांच्याकडे अशी फौज नाही त्यांच्यासाठी पहिला क्रमांक ही मिरवण्याची गोष्ट नसते. त्यावर पुढचे कार्यक्रम, पुढचा करार, रेडिओवरचे स्थान अवलंबून असते.

बाजू दुसरीही आहे. कोणावर सक्ती नाही आणि गाणी फोनवर सर्वांना मिळणारच आहेत. तबकड्यांच्या या वेडाने छोटी रेकॉर्ड दुकाने तगली, हे तिथले दुकानदारही मान्य करतात. अमेरिकेत २०२४ मध्ये ४.४ कोटी तबकड्या विकल्या गेल्या, सीडी ३.३ कोटी. ज्या वस्तूला तीस वर्षांपूर्वी भंगारात काढले होते, तिने २०२४ मध्ये १४० कोटी डॉलरची उलाढाल केली. प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाने चार तबकड्या घेतल्या तर त्याला उपदेश कोणी करू नये. पण या चाहत्यांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची संख्या मोठी आहे. ४८ तासांचे घड्याळ दाखवून त्यांच्याकडून एकच गोष्ट सहादा घ्यायला लावणे आणि मग त्या बेरजेला प्रेमाचे मोजमाप म्हणणे, इथे गडबड आहे.

पैसा आता कोणाकडे जातो?

हा मुद्दा समजल्याशिवाय चाहत्यांची निष्ठा समजत नाही. २०१९ मध्ये टेलरच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क, ज्यांना 'मास्टर्स' म्हणतात, ते तिच्या जुन्या कंपनीसोबत विकले गेले. पुढच्याच वर्षी ते शॅमरॉक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीकडे गेले. तिने उत्तर म्हणून जुने अल्बम पुन्हा गाऊन 'टेलर्स व्हर्जन' नावाने काढले. २०२१ ते २०२३ दरम्यान असे चार आले. चाहत्यांनी जुनी गाणी बाजूला ठेवून मुद्दाम नवी ऐकली, दुसऱ्यांदा विकतही घेतली. 'तीच गाणी पुन्हा विकत घेणे' हे तिच्या बाजूने उभे राहण्याचे लक्षण ठरले. आजच्या रूपांच्या बाजारामागे ही सवय असणार.

३० मे २०२५ रोजी तिने शॅमरॉककडून ते हक्क विकत घेतल्याचे जाहीर केले. त्याआधी इराज टूरच्या १४९ कार्यक्रमांतून २०७.७ कोटी डॉलरची तिकीटविक्री झाली होती. 'शोगर्ल' हा सगळे जुने काम स्वतःच्या मालकीचे झाल्यानंतरचा तिचा पहिला अल्बम. फलकावरच्या कोडमधून उघडणाऱ्या त्या २२ जुन्या गाण्यांकडे या नजरेने पाहिले, तर मोहिमेतला आणखी एक फायदा दिसतो. नव्या अल्बमचा इशारा शोधायला लोक जुनी गाणी लावतात आणि आता ती मिळकतही तिच्याच खात्यात. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे कारण संपले, विकत घेण्याची सवय तेवढी राहिली.

थिएटरमध्ये काय आहे?

१९ सप्टेंबरला मोहिमेत नवी भर पडली. ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत अमेरिकेतील एएमसीच्या चित्रपटगृहांत 'द ऑफिशियल रिलीज पार्टी ऑफ अ शोगर्ल' हा ८९ मिनिटांचा कार्यक्रम दाखवला गेला. तिकीट १२ डॉलर होते. त्यात पहिल्या गाण्याचा, 'द फेट ऑफ ओफेलिया'चा व्हिडीओ, तो कसा बनला त्याची दृश्ये आणि बाकी गाण्यांचे शब्द पडद्यावर. थोडक्यात, जे दोन दिवसांनी फोनवर फुकट दिसण्याची शक्यता होती ते शंभर-दोनशे लोकांसोबत बसून पाहण्याचे हे तिकीट. या तिकिटांनी यादीतला आकडा वाढत नाही. मोहिमेतली कदाचित हीच सर्वांत प्रामाणिक विक्री. एकत्र जमण्याचे पैसे, आणि एकत्र जमायला मिळते.

भारतात केव्हा आणि काय मोजले गेले?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३ ऑक्टोबरची मध्यरात्र झाली तेव्हा आपल्याकडे त्याच दिवशी सकाळचे ९.३० वाजले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. टेलरचा कार्यक्रम भारतात अद्याप झालेला नाही. इराज टूर आशियात टोकियो आणि सिंगापूरलाच आली, आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या टूरचा चित्रपट तेवढा लागला. इथल्या चाहत्यांनी कितीही वेळा अल्बम ऐकला तरी 'बिलबोर्ड २००'मध्ये तो धरला जात नाही, कारण ती यादी फक्त अमेरिकेतील विक्री आणि स्ट्रीमिंगची आहे. तो 'ग्लोबल २००' या गाण्यांच्या जागतिक यादीत मोजला जातो.

मोजणीचा आठवडा शुक्रवार ३ ते गुरुवार ९ ऑक्टोबर होता. त्यानंतर दोन-तीन दिवसांत एकूण आकडा येणार होता आणि अडेलचा विक्रम मोडला की नाही याचे मथळे होणार होते. त्याच बातमीत खाली, बहुधा चौथ्या-पाचव्या परिच्छेदात, त्या आकड्याची फोड असते : प्रत्यक्ष विक्री किती, त्यात तबकड्या किती, किती रूपांत, आणि स्ट्रीमिंगची युनिट्स किती. गाणी लोकांना कितपत आवडली याचा अंदाज पहिल्या आठवड्यातल्या स्ट्रीमिंगवरून थोडाफार येतो. खरा येतो तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात, तबकड्या पोहोचून झाल्यावर आणि संकेतस्थळावरचे घड्याळ थांबल्यावर.